‘बाय द स्किन ऑफ युअर टीथ’ मराठीत आणताना

दातांना कातडी नसते, आणि या इंग्रजी वाक्प्रचाराचा सगळा जोर तिथेच आहे. जी वस्तू जवळजवळ नाहीच, तेवढ्याच अंतराने सुटका झाली, म्हणजे अगदी थोडक्यात वाचलो. वाक्प्रचाराचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, ईयोबाच्या पुस्तकात आहे (अध्याय 19, ओवी 20). 1560 च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलात मूळ हिब्रूचं शब्दशः भाषांतर झालं. तिथे आणि 1611 च्या किंग जेम्स बायबलातही ‘बाय’ऐवजी शब्द ‘विथ’ आहे. आजच्या इंग्रजीत मात्र ‘बाय’च वापरा. ईयोबाला नेमकं काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते ‘दातांची कातडी’ म्हणजे हिरड्या.

लिहिताना ‘टीथ’ अनेकवचनी आणि ‘स्किन’ एकवचनी ठेवा, ‘माय, हिज, देअर’ कर्त्याप्रमाणे बदला. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी रत्नागिरी स्टेशनवर पोहोचलात, तर हा वाक्प्रचार लागू नाही.

खरी अडचण भाषांतरात येते, कारण इंग्रजीत एकच साचा सगळीकडे चालतो, मराठीत प्रसंग बघावा लागतो. दहावीला 35 गुण मिळाले तर ‘काठावर पास’. धोपाव्याला धावतपळत गाठलेली फेरीबोट ‘सुटता सुटता मिळाली’. मिरकरवाड्याचा ट्रॉलर वादळाच्या तोंडातून बंदरात शिरला तर ‘थोडक्यात बचावला’. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ फक्त जिवावरच्या प्रसंगाला. ते परीक्षेला लावलं की हसू होतं. ‘जिवावरचं बोटावर निभावलं’ म्हणताना थोडं तरी नुकसान झालेलं असतं. ट्रॉलर वाचला पण जाळी गेली, तर ते चपखल. इंग्रजी वाक्प्रचारात नुकसान गृहीत नाही, म्हणून माणूस-बोट सगळं सुखरूप असेल तर ‘बोटावर निभावलं’ टाळा.

‘दातांच्या कातडीने वाचलो’ असं शब्दशः लिहिलंत तर वाचक बुचकळ्यात पडेल. आपल्याकडचे दात वेगळ्याच कामाला जुंपलेले: दाती तृण धरायचं, दातांच्या कण्या करायच्या. सुटकेशी त्यांचा संबंध नाही.

‘क्लोज शेव्ह’ हा त्याचा शेजारी, पण ते नाम आहे. ‘इट वॉज अ क्लोज शेव्ह’ म्हणजे प्रसंगच बाका होता. ‘बाय द स्किन’ क्रियापदाला चिकटतं, कसे वाचलो ते सांगतं. दोन्हींचा सूर हलका. अपघातात सोबतचं कुणी दगावलं असेल तर बातमीत ‘थोडक्यात बचावले’ एवढंच लिहा.