कोझी रहस्यकथा लिहायचीय? आधी खुनी ठरवा

कोझी रहस्यकादंबरीत रक्त पानावर सांडत नाही, तपास एखादा चौकस शेजारी करतो. वाचक परत येतो तो त्या माणसांसाठी, खुनासाठी नव्हे. म्हणून निदान तीन पुस्तकांना पुरेल असा शोधक आणि परिसर आधीच ठरवा. वाचनालयातल्या काकू, निवृत्त पोस्टमन, सोसायटीचे सेक्रेटरी: कानावर सगळं येतं, पण झडती घेता येत नाही, असं कुणीतरी.

कथा उलटीकडून बांधा. खुनी, कारण, पद्धत ठरली की खुनाच्या दिवसाचं अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक मांडा, प्रत्येक संशयिताला वेगळा रकाना. संशयित पाच पुरेत. प्रत्येकाला खुनाशी संबंध नसलेलं एक गुपित द्या; वाड्याच्या पुनर्विकासाच्या करारावर गुपचूप केलेली सही पुण्याच्या पेठेत सहज खपते.

निर्णायक दुवा पहिल्या शंभर पानांच्या आत, भरगर्दीत लपवावा. विसर्जनाच्या रात्रीबद्दल कुणी सहज म्हणतो, ‘अलका चौकातून रिक्षाने दहा मिनिटांत मंडईत पोचलो.’ मिरवणुकीत या वाटेवरचा लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद असतो, म्हणजे हा खोटं बोलतोय. हे वाक्य मोदकांवरून चाललेल्या भांडणात पुरलं की पुणेकरही पुढे जातो आणि शेवटी स्वतःवरच चिडतो. बाहेरगावच्या वाचकासाठी रस्ता बंद असल्याचं वीसेक पानं आधी दुसऱ्याच निमित्ताने सांगून ठेवा, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

हस्तलिखितं हमखास आपटतात ती विषावर आणि पोलिसांवर. चहाचा घोट घेतला आणि जागीच कोसळला, असं सहसा घडत नाही. धोतऱ्याने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो. कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या खुनाला ३०२ लावू नका, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे. मृत्यू नुसता संशयास्पद असेल तर बहुधा आधी अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन होतं. खुनाचा गुन्हा मागाहून. मधला हा काळ म्हणजे तुमच्या काकूंचं राज्य.

पंचेचाळीस-पन्नास हजार शब्द पुरेत. रोज पाचशे लिहिले तर शंभर दिवसांत पहिला खर्डा होतो. तोच शोधक घेऊन एक छोटी कथा दिवाळी अंकाला द्या, पण जुलैपर्यंत. दसऱ्याला पाठवून उपयोग नाही.

नोकरी इतक्यात सोडू नका. २५० रुपयांच्या पुस्तकाची हजाराची आवृत्ती पूर्ण खपली, तरी दहा टक्के रॉयल्टीने हाती २५ हजारच येतात. करारात टक्के छापील किमतीवर की प्रत्यक्ष वसुलीवर, ते पाहा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि पडद्याचे हक्क स्वतंत्र कलमांत हवेत. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार ती पाच वर्षं धरतात. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.