घरच्या घरी गाडीखाली काम करताना: आधी उंची, मग जमीन, अंथरूण शेवटी

ऑइल बदलायचं, सायलेन्सर लटकवणारं रबर तपासायचं, खालचं प्लास्टिक कव्हर सुटून रस्त्याला घासतंय ते बघायचं. ही कामं अवघड नसतात, अवघड असतं ते अर्धा तास तिथे पडून राहणं. मान भरून येते, कोपर जमिनीला टेकल्यामुळे पान्हा फिरत नाही, आणि बोल्ट नाकाशी इतका जवळ असतो की चाळिशीवाल्यांना तो दिसतच नाही. मग लोक चाकांची फळी, म्हणजे क्रीपर, ऑनलाइन मागवून मोकळे होतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी गाडी किती वर घेणार ते ठरवा, मग पार्किंगची जमीन बघा. अंगाखाली काय घालायचं हे त्यानंतर.

उंचीचा हिशोब करा

मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लीअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांमधलं अंतर, १६३ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसहा इंच. आडव्या पडलेल्या माणसाची छातीच आठ-नऊ इंच भरते, आणि पान्ह्याला जागा वेगळी लागते. क्रीपर घेतलात तर त्याचे तीन-चार इंच आणखी वजा. गाडी वर घ्यावी लागणारच.

रॅम्प की घोडी, ते ठरवा

चाकं काढायची नसतील तर रॅम्प. पुढची दोन चाकं सहा-आठ इंच वर जातात, वजन टायरवरच राहतं, जीवाला घोर कमी. चढवताना एक माणूस बाजूला उभा ठेवा, समोर नाही. गुळगुळीत फरशीवर चाक चढण्याऐवजी रॅम्पच पुढे सरकतो, म्हणून त्याच्या खाली जुनं रबरी पायपुसणं अंथरा. बंपर आधी टेकत असेल तर रॅम्पच्या तोंडाशी एक फळी टाका, चढ कमी होतो.

ब्रेक किंवा सस्पेन्शनचं काम असेल तर घोडी, म्हणजे जॅकने उचललेली गाडी ज्यावर टेकवतात तो जॅक स्टँड. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर हातसुद्धा खाली घालायचा नाही. हायड्रॉलिक ट्रॉली जॅकचंही तेच, तो उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅक आणि घोडी कुठे लावायची त्या जागा गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेल्या असतात. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक कितीही भक्कम दिसले तरी नकोत. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. पुढची बाजू उचललीत की गिअरचा उपयोग संपला, गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. मागची उचललीत की हँडब्रेक बिनकामाचा, सगळी भिस्त गिअरवर. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचेच, जागा कितीही सपाट वाटली तरी. गाडी घोडीवर बसली की खाली जाण्याआधी तिला बाजूने दणदणीत धक्का द्या. हलायची असेल तर आत्ताच हलू दे. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा.

जमीन बघून अंथरूण निवडा

गुळगुळीत कोबा किंवा फरशी असेल तर क्रीपरसारखं सुख नाही, हलकंसं ढकललं की आत-बाहेर. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुधा पेव्हर ब्लॉक असतात. क्रीपरची छोटी चाकं त्यांच्या फटीत अडकतात आणि माणूस मधेच रुतून बसतो. तिथे फ्रिजचा खोका उलगडून अंथरलेला पुठ्ठा क्रीपरला भारी पडतो. पाठ सहज सरकते, सांडलेलं ऑइल शोषलं जातं, काम झालं की फेकून देता येतो. मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स पुठ्ठ्याहून टिकाऊ आणि ओल्या जमिनीवर उत्तम. फक्त त्यावर ऑइल सांडलं तर ते थेट तुमच्या पाठीखाली येतं. योगा मॅट मऊ, पण सरकत नाही. एकाच जागी बराच वेळ काम असेल तरच ती घ्या. पेव्हरवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर घोडी लावायची वेळ आली, तर प्रत्येक पायाखाली जाड प्लायचा चौकोनी तुकडा टाका.

अंथरूण कुठलंही असो, डोक्याखाली काहीतरी हवंच. मान दुखते ती डोकं अधांतरी धरल्यामुळे. घडी घातलेला जुना टॉवेल पुरतो.

खाली शिरताना

इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा. सायलेन्सर निवायला वेळ द्या. ऑइल कोमट असताना छान उतरतं, पण उकळतं ऑइल बाहीत शिरलं तर दवाखाना गाठावा लागतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण वर हात लागला की वाळलेला चिखल आणि गंज थेट डोळ्यांत पडतो. मोबाइलचा टॉर्च दातांत धरण्यापेक्षा डोक्याला बांधायचा दिवा घ्या. नट-बोल्ट छातीवर नाही, बाजूच्या वाटीत. पाठ सरळ ठेवून बोल्टच्या अगदी खाली झोपू नका. थोडं बाजूला, तिरके झोपा, म्हणजे हात पूर्ण लांबतो आणि थेंबही तोंडावर पडत नाहीत.

गावाकडे काही घरांत एसटी डेपोसारखा खड्डा असतो. उभं राहून काम करण्याची चैन वेगळीच, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यातच साठते. तिथे पेट्रोलचा पाइप सोडवणं आणि विडी पेटवणं दोन्ही बंद. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो, ते वेगळंच.

वर्षातून एकदाच खाली बघायचं असेल, तर यातलं काहीच विकत घेऊ नका. ओळखीच्या वॉशिंग सेंटरच्या मालकाला दुपारच्या सुस्त वेळी विचारा. गाडी वर घेतलेली असताना अर्धा तास खालून बघू देतात, चहापाण्यावर भागतं.

काम संपलं की आधी हत्यारं मोजा, मग जॅकने उचलून घोड्या काढा. नवीन ऑइलची पातळी गाडी सपाटीवर आल्यावरच पट्टीने बघा, रॅम्पवर ती चुकीची दिसते. जुनं ऑइल गटारात ओतू नका, रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. त्यांच्याकडून ते नेणारे लोक ठरलेले असतात.