अंतराळकथेतला सशस्त्र पहारेकरी रोबो: लिहिताना या चुका टाळा

पोटापाण्यासाठी मी कारखान्यांतल्या वेल्डिंग रोबोंची देखभाल करतो आणि हौसेपोटी दिवाळी अंकांकडे आलेल्या विज्ञानकथा वाचून देतो. त्यामुळे कथेत रोबो आला की माझा हात आपोआप पान्याकडे जातो. अंतराळस्थानकाच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी रोबो लेखकांचा फार लाडका. दर चार-पाच कथांमागे एक हमखास भेटतो. येतो, लाल डोळा मिचकावतो, ढीगभर गोळ्या झाडतो, एकही लागत नाही, नायक मागून वायर उपटतो, खेळ खलास.

मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. लेखकानं त्याला बंदूकवाला म्हणून लिहिलेलं असतं, पहारेकरी म्हणून लिहायचं राहून गेलेलं असतं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन दिवसभर काय करतो ते आठवा. दूधवाला सोडतो, कुरिअरवाल्याला वहीत सही करायला लावतो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याला चेहऱ्यावरून ओळखतो. शंभर जणांना सोडायचं आणि एकाला अडवायचं, हे त्याचं काम. खालच्या तक्रारी वाचताना हा वॉचमन डोळ्यांसमोर ठेवा.

“गोळ्या सुटतात, पण लागत नाहीत”

वीस मीटरचा बोळ. रोबो जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलेला. समोरच्या भिंतीवरच्या प्रत्येक रिव्हेटचं अंतर त्याला बसवल्या दिवसापासून पाठ. असा रोबो चुकत नसतो. तो चुकला की वाचकाला कळतं, लेखकाला नायक हवा आहे.

नायक वाचवायचाच असेल तर नेम बिघडवू नका, गोळी झाडायची परवानगीच काढून घ्या. स्थानकाच्या आत पृथ्वीइतका हवेचा दाब असेल तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण दहा टनांचा रेटा असतो, आणि पलीकडे पोकळी. अशा भिंतीच्या दिशेनं गोळी झाडणारा पहारेकरी कुठला मालक ठेवील? युद्धनौकांवरच्या तोफांना अशी बंधनं असतातच, नाहीतर वळता वळता तोफ आपल्याच डोलकाठीवर मारा करील. तुमच्या रोबोलाही ठरावीक कोनांत गोळीबंदी हवी. मग नायक बोळातून धावत सुटणार नाही. तो काचेच्या खिडकीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत जाईल. बंदुकीची नळी त्याच्याबरोबर वळत राहील आणि गप्प राहील. पुढे खिडकी संपते. आता लिहा.

“बाहेर उभा आहे आणि धडाम् ऐकू येतं”

पोकळीत आवाज जात नाही आणि लेसरचा झोत बाजूनं दिसत नाही. हे दोन्ही सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे लिहितात. मला स्वतःला त्याचा फार राग येत नाही, अंतराळातल्या धुमश्चक्रीला थोडा गोंगाट माफ. पण दोन गोष्टी सोडू नका, कारण त्यांत कथेचं सामान भरलेलं आहे.

पहिली गोष्ट धक्का. सोव्हिएत संघानं साल्युत-३ या स्थानकावर विमानातल्या तोफेवरून बेतलेली तोफ बसवली होती. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकावर कुणी माणूस नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती झाडून पाहिली. तोफ जागची हलत नव्हती, नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवावं लागे. आणि झाडताना बसणारा धक्का सावरायला स्थानकाची इंजिनं चालवावी लागत. तुमचा रोबो जहाजाच्या पाठीवर चुंबकी पायांनी उभा असेल तर दर गोळीला त्याची पकड किती सैल होते, एवढं एक वाक्य तरी द्या.

दुसरी गोष्ट उष्णता. ही तर सोन्याची खाण आहे. ‘अंतराळात गारठा असतो, रोबो आपोआप थंड होईल’ असं लिहिणाऱ्यानं थर्मास आठवावा. भोवती हवा नाही, पाणी नाही, म्हणजे उष्णता फक्त प्रारणानं, किरणांच्या रूपात, बाहेर पडणार. सत्तावीस अंश सेल्सिअसला एक चौरस मीटरचा काळा पत्रा एका बाजूनं जेमतेम ४६० वॉट बाहेर टाकतो. आता समजा रोबोचा लेसर १०० किलोवॉटचा आहे आणि घेतलेल्या विजेपैकी ३० टक्केच झोतात उतरते. म्हणजे सव्वादोनशेहून जास्त किलोवॉट त्याच्याच पोटात साठणार. ते सतत बाहेर टाकायचं तर पाचशे चौरस मीटर पत्रा हवा. तीन बीएचके चार-पाच फ्लॅट पाठीवर घेऊन उभा राहिलेला पहारेकरी कसा दिसेल?

यावर व्यवहारी तोड म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे साडेबावीस लाख ज्यूल लागतात. वरच्या हिशेबानं दहा सेकंदांच्या माऱ्याला अंदाजे एक लिटर. वीस लिटरचा जार दिलात तर तीन-सव्वातीन मिनिटं. आता नायिकेला रोबोचं मर्मस्थान वगैरे शोधायची गरज नाही. दगडाआड बसून ती वाफेचे फवारे मोजते. सतरा. अठरा. स्थानकावर पाण्याचं रेशनिंग का आहे, हेही वाचकाला न सांगता कळतं.

“हा कशानंच मरत नाही”

थोडक्यात आटपतो. गोळ्या अडवणारं कवच, भिंत फोडणारी तोफ आणि घोड्याचा वेग, हे सगळं एकाच वेळी देऊ नका. ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला तो चेंडूसारखा गडगडत येणारा, मग उलगडून तीन पायांवर उभा राहणारा आणि भोवती कवच घेणारा रोबो १९९९ पासून लोकांच्या लक्षात राहिला. कारण साधं आहे. गडगडताना तो झाडत नाही, आणि उभा राहिला की कासवाच्या चालीनं सरकतो. प्रत्येक गुणाची किंमत डोळ्यांना दिसते. तुमच्याकडे किंमत नसेल तर एक गुण खोडा.

“नायकानं कोडं घातलं आणि रोबो जळाला”

‘मी आत्ता खोटं बोलतोय’ असं ऐकून धूर सोडणारा रोबो आता निवृत्त करा. खऱ्या नियंत्रकात एक छोटं वेगळं घड्याळ असतं, त्याला वॉचडॉग म्हणतात. मुख्य प्रोग्रॅमनं ठरल्या वेळात त्याला ‘जागा आहे’ असं कळवलं नाही, तर वॉचडॉग सगळं बंद करून पुन्हा चालू करतो. पहारेकऱ्यावर ठेवलेला पहारेकरी. म्हणजे कोड्यानं रोबो गुंतलाच, तरी धूर निघणार नाही. तो रीस्टार्ट होईल. त्या पाच-सात सेकंदांत दार ओलांडता येईल का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कोड्यापेक्षा चांगला आहे.

याच रांगेतली दुसरी चूक म्हणजे विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांचे रोबोंसाठीचे १९४२ सालचे तीन नियम जसेच्या तसे चिकटवणं. पहिल्याच नियमानं माणसाला इजा करायला बंदी आहे. मग हातात बंदूक दिली कुणी?

“नायक आत शिरतो, पण पटत नाही”

सगळ्यात जास्त कथा इथे पडतात. नायक ‘सिस्टीम हॅक’ करतो, दोन ओळी, झालं.

आमच्या क्षेत्रातलं एक चित्र देतो. वेल्डिंग रोबोभोवती जाळी असते, जाळीला दार, दारावर एक चपटी धातूची जीभ आणि चौकटीवर सेफ्टी स्विच. दार लावलं की जीभ स्विचात शिरते. दार उघडलं की जीभ बाहेर येते आणि रोबो जागच्या जागी थांबतो. एका कारखान्यात मी गेलो तर दार सताड उघडं, माणूस आत वाकून नोझल साफ करतोय आणि रोबोवर मात्र हिरवा दिवा. स्विचात दुसरीच एक सुटी जीभ खोचलेली होती, हरवू नये म्हणून सुतळीनं चौकटीला बांधलेली. सुतळी काळी पडली होती, म्हणजे महिनोन् महिने हेच चालू होतं. विचारलं तर म्हणाला, “साहेब, दर वेळी दार उघडलं की पुन्हा चालू करायला पाच मिनिटं जातात. टार्गेट कोण पुरं करणार?”

पहारा हा असा फुटतो, आतल्या माणसांच्या सोयीनं. तुमच्या स्थानकावर तीनशे माणसं रोज त्या रोबोसमोरून जात असतील तर कुणीतरी कंटाळून सुतळी बांधलेलीच असणार. कँटीनवाल्यानं, मालाच्या गाड्या ढकलणाऱ्यानं, नाइट शिफ्टच्या नर्सनं. ती सुतळी पहिल्या पानावर सहज दाखवा आणि बाराव्या पानावर वापरा.

दुसरी वाट म्हणजे पहारेकऱ्याला पटेल असं उत्तर देणं. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांची माणसं शाहिस्तेखानाच्या छावणीतून लाल महालाकडे निघाली. पहाऱ्यावर हटकलं तेव्हा, ‘आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमलेल्या जागी चाललो आहोत,’ असं सांगितल्याचं इतिहासकार लिहितात. हे खपलं, कारण मोगलांच्या चाकरीत दख्खनी शिपाई खरोखरच होते. पहारेकऱ्याच्या यादीत तो रकाना आधीपासून होता. नायकाला कुलूप तोडायला लावण्याआधी रोबोच्या यादीत कोणते रकाने आहेत ते ठरवा. ‘दुरुस्ती कर्मचारी’ हा रकाना जवळजवळ नेहमी असतो, अनुभवानं सांगतो. हातात टूलबॉक्स आणि चेहऱ्यावर वैताग असला की कुठलंही गेट उघडतं.

आणि पहारेकरी दुष्ट असलाच पाहिजे असंही नाही. हिरकणीच्या आख्यायिकेत गडाच्या दरवाज्यावरच्या कुणाचंच काही चुकत नाही. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, हुकूम तो हुकूम. तिचं बाळ खाली घरी. कडा उतरण्याची गोष्ट त्या बंद दरवाज्यातून जन्मते, देवडीवर कुणी खलनायक बसवावा लागत नाही. रोबोला क्रूर हसू देणाऱ्या लेखकांनी हे एकदा करून पाहावं.

“तीनशे वर्षं उभा आहे आणि ठणठणीत आहे”

ओसाड जहाज, माणसं संपलेली, तरी पहारेकरी जागा. कल्पना जुनी आहे, मला अजून आवडते. पण तीनशे वर्षांत काय बिघडलं ते सांगा. गंज सगळे लिहितात. घड्याळ लिहा.

साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस धरली तर वर्षाला साडेदहा मिनिटं होतात. तीनशे वर्षांत बावन्न तास. रोबोचा परवलीचा शब्द रोज बदलत असेल आणि त्याचं घड्याळ मागे पडत असेल, तर आजचा बरोबर शब्द सांगणाऱ्याला तो गोळी घालील. त्याला परवाचा शब्द हवा आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर २५ फेब्रुवारी १९९१ ची दाहरानची घटना पाहा. सौदी अरेबियातल्या या तळावर, शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या पेट्रिअट क्षेपणास्त्रांचा पहारा होता. यंत्रणा शंभर तासांहून जास्त सलग चालू होती. ती वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती, आणि एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, कधी पुरी होत नाही, कुठेतरी तोडावी लागते. तो तुटलेला कण साठत साठत सुमारे ०.३४ सेकंद झाला. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. यंत्रणेनं आकाशात चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. २८ अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

लक्षात घ्या, यंत्र बंद पडलं नव्हतं. ते जागं होतं, सगळे दिवे हिरवे होते.

“बोलतो डब केलेल्या सिनेमासारखा”

‘नकारात्मक. प्रवेश नाकारण्यात आला आहे. तुम्हाला संपवण्यात येईल.’ असं मराठी पहारेकरी बोलत नाही, मग रोबोनं का बोलावं? ‘पास दाखवा.’ ‘पुढे यायचं नाही.’ ‘हात वर.’ बस्स. दोन्ही कोरियांच्या सीमेसाठी २००६ मध्ये जाहीर झालेल्या पहारेकरी बंदुकीलाही कॅमेऱ्याबरोबर माइक आणि स्पीकर दिलेला होता, आधी हटकण्यासाठी. रोबोचं पहिलं हत्यार त्याचा आवाज आहे.

त्यात आपल्या भाषेनं एक सोय फुकट दिली आहे: ‘थांब’ आणि ‘थांबा’. रोबो कुणाला तू म्हणतो आणि कुणाला तुम्ही, हे कुणीतरी त्याच्या यादीत भरलेलं असणार. अधिकाऱ्यांना तुम्ही, अनोळख्याला तू. हे तीन प्रसंगांत नुसतं दाखवत राहा, समजावू नका.

मागे एका कॉलेजातल्या मुलीची कथा वाचली होती. ओसाड स्थानक, येईल त्याला ‘थांब’ म्हणणारा रोबो, कप्तानाच्या नातवालासुद्धा ‘थांब’. शेवटी स्वयंपाकघरातली म्हातारी बाई परत येते. तिच्याकडे पास नाही, तिचं नाव यादीत कधीच नव्हतं. नळी वळते आणि रोबो म्हणतो, “थांबा, बाई. जमीन ओली आहे.”

मी त्या पानावर पेन्सिलीनं एकच खूण केली, पुढची ओळ कापा म्हणून. पुढच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, ‘यंत्रालाही मन असतं.’