टाकाऊ डब्यांचा ढोल करताय? या चुका टाळा

गणपतीला पंधरा दिवस उरले की बेळगावातल्या गल्ल्यांमधून पोरांचे हात शिवशिवायला लागतात. मंडळाचे ढोल मोठ्या मुलांच्या कमरेला असतात, लहानग्यांना कुणी हात लावू देत नाही. मग रंगाची बादली, तेलाचा डबा, पाइपचा तुकडा असं काहीबाही घेऊन ती आमच्या अंगणात येतात. "काकू, हा वाजतच नाही!" दरवर्षी पहिलं वाक्य हेच. आणि दरवर्षी सगळ्यांचा राग पानावर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्यावर निघतो: पान पातळ आहे, पान चुकीचं आहे, दुसरं आणूया. माझ्या अनुभवात दोष पानाचा क्वचितच असतो. दोष असतो कडेचा.

प्लंबरकडे उरलेला सहा इंची पीव्हीसी पाइप ढोलासाठी फार छान. पण तो हॅक्सॉने कापला की कड हमखास वर-खाली होते. डोळ्यांना ती सरळ दिसते, पानाला मात्र कळते. जिथे कड खोलगट राहिली तिथे पान टेकत नाही, आणि थाप मारली की "धूम"ऐवजी फरफर ऐकू येते. ओळखायची युक्ती सोपी आहे. पाइपची कापलेली बाजू स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर पालथी ठेवा, वरून आत मोबाईलचा टॉर्च धरा आणि खोलीतला दिवा घालवा. कडेखालून जिथे उजेडाची रेघ बाहेर झिरपेल तिथे फट आहे. मग कडाप्प्यावरच ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटपट्टीने पक्का करा आणि पाइप उभा धरून त्यावर गोल-गोल घासा. तोंडाला रुमाल बांधा, तो भुगा नाकात जायला नको. दर पाच मिनिटांनी पुन्हा उजेड लावून बघा. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटेल असं मला वाटायचं, पण उजेडाची रेघ बारीक होत जाते तशी ती भांडून पाळी मागतात. शेवटी बाहेरच्या बाजूची धार हलकीशी गोल करा, नाहीतर पान तिथेच चिरतं.

पत्र्याचा डबा असेल तर तो कापूच नका. कापलेल्या पत्र्याने माझा अंगठा चांगला खोल चिरला आहे. दाबून बसणाऱ्या झाकणाचा गोल डबा घ्या, त्याची कड कारखान्यातच आत वळवलेली असते. पंधरा किलोच्या चौकोनी तेलडब्यावर पान ताणायच्या भानगडीत पडू नका, कोपऱ्यांमुळे ताण कधीच सारखा बसत नाही. तो पालथा करून त्याच्या बुडावरच वाजवा, झकास कडकडतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू आणि उसाच्या शेतांच्या बांधावर औषधाचे रिकामे कॅन पडलेले दिसतात, आकारही मोहात पाडणारा असतो. दहा वेळा धुतला तरी तो कॅन मुलांच्या हातात देऊ नका. थिनरच्या डब्यांचंही तेच.

आता पान. जुनी एक्स-रे फिल्म चालते, नाहीतर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी एकमेकींवर आडवी-उभी-तिरकी ताणून तीन-चार थर द्या. फुगा पहिल्या दिवशी सुंदर वाजतो आणि उन्हात ठेवला की लवकरच तडकतो. फिल्म कापताना चारी बाजूंनी दोन-अडीच इंच जास्त ठेवा. काटकसर इथे करायची नाही.

पान कडेभोवती दोऱ्यांनी बांधून ताण देताना शेजारची दोरी, मग तिच्या शेजारची, असं गोल फिरत गेलात तर पान एका अंगाला ओढलं जातं. जीपच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोर जा: एक इकडची, एक तिकडची, दर वेळी थोडंच. मग प्रत्येक दोरीपाशी कडेपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारा. जिथला आवाज खाली बसलेला वाटेल तिथली दोरी ढिली आहे. एवढं करूनही आवाज हवा तितका चढत नसेल तर ओढत बसू नका. सूर दुप्पट चढवायला ताण चौपट लागतो, तेवढ्यात पान फाटेल. उंच आवाजासाठी लहान तोंडाचा डबा घ्या. आप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत छातीत घुमणारे ढोल ऐकले असतील, तर मोठ्या तोंडाची करामत वेगळी सांगायला नको.

आवाज रेंगाळतो, टणटणतो? भजनात पखवाजाच्या धूमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात ना, तशीच रुपयाएवढी कणीक पानाच्या मधोमध लावा. मधल्या या वजनाने आवाज कसा बदलतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लिहिलं होतं. वाजवून झालं की कणीक खरवडून पुसा, मुंग्या लागतात.

श्रावण-भाद्रपदातली आपली हवा दमट. हलगीचं कातडं ओल धरून ढिलं पडतं म्हणून हलगीवाले ती जाळावर शेकतात. मुलं हे पाहतात आणि फिल्मचं पानही जाळावर धरतात. प्लॅस्टिक आक्रसतं, वाकडं होतं, धूर घशात जातो. प्लॅस्टिकचं पान ओल धरतच नाही, त्याला शेक नकोच. पावसात ओली-सुकी होऊन ढिली पडते ती सुतळी. ती काढा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा नायलॉनची दोरी वापरा.

बादली पालथी घालून वाजवणार असाल तर एका बाजूला विटेचा तुकडा द्या, आवाजाला बाहेर पडायला वाट हवी. आणि रात्री ढोल ओल्या फरशीवर न ठेवता खुंटीला टांगा. सकाळी टिपरू (वाजवायची काठी) हातात घेण्याआधी कडेने एक फेरी टिचक्या मारा, एखादी दोरी सुटलेली सापडतेच.