मॅथ्यू मॉरीचे नकाशे मांडताना त्याचा भूतकाळ कुठे ठेवायचा?

अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू फाँटेन मॉरीवर (१८०६–१८७३) व्याख्यान द्यायचं असो की प्रदर्शनाची पाटी लिहायची असो, सुरुवात नकाशानेच करा. वारे-प्रवाहांच्या नकाशांची मालिका १८४७ला सुरू झाली. त्यातला एक तुकडा मोठा करून दाखवा: ब्रशच्या फटकाऱ्यांसारख्या खुणा वाऱ्याच्या, रंग ऋतूंचे. ही माहिती नौदलाच्या भांडारात पडून असलेल्या जुन्या लॉगबुकांतून (जहाजांच्या रोजच्या नोंदवह्यांतून) आली, शिवाय कोरे तक्ते भरून देणाऱ्या कप्तानांकडून. मोबदला म्हणून त्यांना नकाशे फुकट मिळत. एवढं सांगितलं की 'एकट्याची प्रतिभा' आपोआप गळून पडते.

आता कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे काम, उजवीकडे बाकीचं आयुष्य, वर्षं समोरासमोर. १८५१पाशी रेघ पुसट होते. मेहुणा विल्यम हर्नडन ॲमेझॉनच्या पाहणीला निघाला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी गुलामांसह तिथे जाऊन वसावं हा बेत मॉरीच्या डोक्यात होता. इथे भूगोल आणि गुलामगिरी एकाच कामात आहेत, म्हणून हे तळटीपेत ढकलू नका. अटलांटिकच्या वाऱ्यांच्या नोंदी मात्र यामुळे खोट्या ठरत नाहीत. ध्रुवाजवळ खुला समुद्र आहे ही त्याची समजूत साफ चुकली, पण ती शास्त्रातली चूक. नैतिक हिशेबात धरू नका.

'वादग्रस्त' हा शब्द तर नकोच, त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: एप्रिल १८६१मध्ये राजीनामा देऊन कॉन्फेडरसीत (गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघात) गेला, पाणसुरुंगांवर काम केलं, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये जहाजं मिळवली, १८६५मध्ये हरलेल्या दक्षिणेच्या लोकांची मेक्सिकोत वसाहत करायला निघाला.

'तो काळच तसा होता' असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा नौदल अधिकारी डेव्हिड फॅरागटचं नाव घ्या. जन्म टेनेसीचा, घर व्हर्जिनियात, दोन्ही राज्यं दक्षिणेतली, तरी तो उत्तरेच्या नौदलातच राहिला. दुसरा हमखास प्रश्न नाव पुसण्याचा. रिचमंडमधला मॉरीचा पुतळा २०२०मध्ये हटवला. २०२३मध्ये त्याच्या नावाच्या सर्वेक्षण जहाजाला मेरी थार्पचं नाव मिळालं. समुद्रतळाचे नकाशे काढणारी हीच ती. नकाशे कुणी हटवले नाहीत.

पाटीला ऐंशीच शब्द मिळाले तर चाळीस नकाशाला, पंचवीस ॲमेझॉनला, पंधरा १८६१ला. जन्मगाव आणि मानसन्मान गाळा.