कॅव्हन्साइट घेताना आधी गोळ्याचं बूड बघा

कॅव्हन्साइट या खनिजाचा निळा रंग एकदा पाहिला की विसरत नाही, त्यामुळे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. १९७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून. संग्राहक मात्र जीव टाकतात तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतल्या मालावर. बेसाल्टच्या पोकळीत स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर निळ्या सुयांचे गोळे. मोहस् मापावर काठिण्य ३ ते ४, घनता २.३ च्या आसपास. ॲझुराइट हे खनिजही निळं, पण घनता ३.८ च्या घरात, म्हणून सुटा तुकडा हाताला जड लागतो.

खरी मेख पुढे आहे. गोळा अस्सल, स्टिलबाइटही अस्सल, पण दोघांची गाठ डिंकाने घातलेली! सुटलेले गोळे सुंदर बैठकीवर चिकटवून विकले जातात आणि नवशिक्याचे पैसे इथेच बुडतात.

दहापट भिंगाखाली गोळा जिथे टेकतो तिथे बघा. नैसर्गिक गोळ्याच्या सुया एका बिंदूतून फाकतात, बुडाशी स्टिलबाइटच्या पात्या त्यांच्यात घुसलेल्या असतात, आसपास बारीक निळे ठिपकेही बहुधा सापडतात. चिकटवलेल्याच्या बुडाशी चकचकीत कडा, हवेचा बुडबुडा, किंवा डिंक झाकायला भुरभुरवलेली पांढरी पूड दिसते. मग अंधारात ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. बुडाभोवतीच निळसर-पांढरं कडं उजळलं तर नमुना खाली ठेवा. काही डिंक अजिबात उजळत नाहीत आणि कॅल्साइट हे खनिज नमुन्यावर असलं तर ते स्वतःच उजळू शकतं, म्हणून नुसत्या टॉर्चवर विसंबणं मला पटत नाही. शंका उरली तर, मालकाला विचारून, बारीक ब्रशने सांध्याला ॲसिटोन लावा. सुपरग्लू मऊ पडतो. इपॉक्सी हा दुसरा डिंक दाद देईलच असं नाही. कापसाचा बोळा नको, सुया मोडतात. फोटोवरून छातीठोक निकाल देणाऱ्या जाणकाराला गुरू करू नका.

घाबरू नका, पाच-पन्नास बुडं भिंगाखाली गेली की नजर बसते.

‘पेंटागोनाइट’ म्हणून जादा भाव सांगितला तर थांबा. हे कॅव्हन्साइटचं भावंड खनिज, दोघांचं रासायनिक सूत्र एकच, त्यामुळे रासायनिक विश्लेषणाने फरक कळत नाही. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट, कधी पंचकोनी ताऱ्यासारखे जुळे. खात्री हवी तर स्फटिकाची रचना ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी, एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा रामन.

किंमत ठरवताना आधी गोळ्याचा माथा बघा. सुयांची टोकं चेपलेली असतील तर भाव तिथेच उतरतो, मग गोळा कितीही मोठा असो. त्यानंतर रंगाची खोली, गोळ्याचा व्यास, बैठकीवरची जागा. मधोमध उठून दिसणारा एकच धड गोळा कडेला दाटलेल्या पाचांपेक्षा मी वरचा धरतो. जोडकाम सांगून विकलं तर फसवणूक नाही, पण भाव वेगळा लावायचा आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. चिठ्ठीवर ‘भारत’ एवढंच नको. खाणीचं ठिकाण आणि मिळाल्याचं साल हवं.