जुन्या रायफलचे गंजून बसलेले भाग सोडवताना या चुका टाळा

पेचकस हातात घेण्याआधी नळी रिकामी आहे का ते पाहा. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून भरायच्या बंदुकांमध्ये जुना बार (दारू आणि गोळी) तसाच राहिलेला सापडतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. आतले टोक निपलच्या (नळीच्या मागच्या टोकाशी, ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीच्या) बरेच अलीकडे थांबत असेल तर काम तिथेच थांबवा आणि जाणकाराकडून बार काढून घ्या. काडतुसाच्या रायफलचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) अडकला असेल तरी ही तपासणी चुकवू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते भाग कशामुळे अडकला हे न ओळखता तेल ओतल्याने. कारणे साधारण तीन. गंज असेल तर पातळ, झिरपणारे तेल लागते. पण काळ्या दारूची काजळी आणि जुन्या टोप्यांमधले क्षार तेलात विरघळत नाहीत; त्यांना पाणीच लागते. घट्ट बसलेल्या निपलवर महिनाभर तेल टाकूनही काही होत नाही ते अनेकदा यामुळेच. नळी लाकडी कुंद्यातून वेगळी करून तेवढाच भाग गरम पाण्यात ठेवा, लगेच पूर्ण कोरडा करा आणि मग तेल द्या. तिसरे कारण म्हणजे सुकून चिवट झालेले जुने तेल. ते रॉकेलने सुटते. ॲसिटोननेही सुटते, पण त्याचा थेंब लाकडावर पडला तर मूळ पॉलिश जाते. तेलही लाकडात मुरू देऊ नका. लाकूड काळे पडते आणि मऊ होते.

आता पेचकस. नेहमीच्या पेचकसाचे पाते टोकाकडे निमुळते असते. जोर लावला की ते खाचेतून वर सरकते आणि खाचेच्या कडा फाटतात. पाते दोन्ही बाजूंनी समांतर, खाचेच्या पूर्ण रुंदीचे आणि तळाला टेकणारे हवे. नसेल तर घासून तसे करून घ्या. पेचकस खाचेत बसवून त्याच्या मुठीवर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. त्या कंपनाने गंजाची पकड तुटते. मग पेच आधी किंचित आवळा आणि नंतर सोडवा. हलला नाही तर पुन्हा तेल देऊन दुसऱ्या दिवशी बघा. घाई इथे खरोखर महाग पडते, कारण या पेचांचे आटे आजच्या मापाचे नसतात आणि तुटलेल्याला जोड मिळत नाही.

टॉर्चची ज्योत लावू नका. कमानीचे (स्प्रिंगचे) पाणी उतरते, म्हणजे तिचा ताण जातो, आणि पृष्ठभागावरचे रंग जातात. उष्णता द्यायचीच असेल तर सोल्डरिंगच्या गरम टोकाने फक्त पेचाच्या डोक्याला द्या, तीही नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर आणि तेल-ॲसिटोन पुसून काढल्यावर.

व्हिनेगर किंवा इतर आम्ल वापरू नका. गंजाबरोबर निळसर मुलामाही निघून जातो.

सुटलेला पेच कोणत्या भोकातला होता ते लगेच लिहून ठेवा. जुन्या कारागिरांनी प्रत्येक पेच त्याच्या जागेपुरता बसवलेला असतो; दिसायला सारखे दोन पेच अदलाबदल केले तर बसतीलच असे नाही. आणि नळीच्या मागच्या टोकाचा आट्यांचा बूच केवळ साफसफाईसाठी उघडायची गरज नसते. तो जिथे आहे तिथेच राहू द्या.